पूजा, उपासना, भक्ती, इबादत : सगळं एकच आहे का?

माझं अंबाजोगाईत डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे, त्यामुळं देवाधर्माचे शब्द माझ्याकडं रोज येतात, तेही वहीच्या पानावर घाईघाईत खरडलेले. सप्ताहाची पत्रिका, सत्यनारायणाचं आमंत्रण, उरुसाचं बॅनर, विहारातल्या वंदनेचा कार्यक्रम, जागरण-गोंधळ, सगळं एकाच की-बोर्डवरून जातं. मागच्या उन्हाळ्यात जवळच्या गावचे पोलीस पाटील आले, गावात शांतता समितीची बैठक होती तिचा छोटा फ्लेक्स करायचा होता, मजकूर होता "सर्व पूजास्थळांच्या पंचांनी हजर रहावे". मी टाईप करायलो तर झेरॉक्सला बसलेले एक चाचा म्हणले, "पाटील, आमच्यात पूजा नसती बाबा, मंग आम्ही यायचं का नाही?" सगळे हसले, पण पाटील अडकले ना. मग काय लिहायचं? प्रार्थनास्थळ? उपासनास्थळ? त्या एका शब्दावर दोन चहा झाले आणि मागचे तीन गिऱ्हाईक कटकट करत निघून गेले.

तवापासून मला ह्या शब्दांचा नादच लागला. आपण हे सगळे शब्द एकाच पिशवीत कोंबतो, पण एकेक शब्द उलगडून बघितला तर आत वेगळंच चित्र निघतं. देवापुढं माणूस नेमकं काय करायलाय, कुणी पाहुणा समजून सरबराई करतंय, कुणी निस्तं जवळ बसलंय, कुणी वाटा मागतंय, कुणी अर्ज घेऊन उभं आहे, कुणी वाकलंय. ते चित्र दिसलं की कुठला शब्द कुठं बसतो ते आपोआप कळतं.

आधी पूजाच घेऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याच वाट्याला आलेत. पूजा म्हणजे मुळात पाहुणचार आहे हो. षोडशोपचार पूजा म्हणतात ना, म्हणजे सोळा उपचार, आता उपचार म्हणलं की आपल्याला दवाखाना आठवतो पण इथं उपचार म्हणजे आदरानं केलेली सरबराई. तिचा क्रम बघा. आवाहन म्हणजे या. आसन म्हणजे बसा. पाद्य म्हणजे पाय धुवायला पाणी, अर्घ्य म्हणजे हातावर पाणी, आचमन म्हणजे प्यायला घोटभर पाणी, मग आंघोळ, कपडे, जानवं, गंध, फूल, धूप, दिवा, नैवेद्य, मग प्रदक्षिणा, नमस्कार आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. एखाद-दुसरं नाव पोथीप्रमाणं बदलतं, पण चाल हीच. आता आपल्याकडं धोंड्याच्या महिन्यात जावई येतो तवा काय होतं? दारात पाय धुवायला तांब्या, आत नवी चादर अंथरलेली, कपाळाला टिळा, टावेल-टोपी, पुरणाचं ताट, आणि निघताना पार स्टँडपर्यंत माणसं पोचवायला. सेम टू सेम. म्हणून तर गणपतीला आणायचंही असतं आणि वाटंला लावायचंही असतं, पाहुणा म्हणलं की निरोप आलाच. घाई असली तर पंचोपचार, गंध, फूल, धूप, दिवा, नैवेद्य, एवढ्यावर भागतं, जसं ऐनवेळी आलेल्याला निस्ता चहा.

आणि पाहुणा म्हणलं की त्याला झोपही लागणार. तुळजापूरला हे सगळ्यात भारी दिसतं. तिथली भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागची हलवता येती, आणि वर्षातून तीनदा देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, तिला मंचकी निद्रा म्हणतात. नवरात्राआधी भाद्रपदात देवी निजती ती घटस्थापनेला उठून सिंहासनावर बसती, दसऱ्यानंतर थकून परत निजती. माझी आज्जी ह्या दिवसांत घरात मोठ्यानं बोलू द्यायची नाही, "देवी निजली की रं" म्हणायची, आता तुळजापूर आमच्यापासून किती लांब, पण तिच्या हिशोबात आवाज पोचत होता.

पूजा हा शब्द आला कुठून ह्यावर अभ्यासक लोकांत दोन तर्क आहेत आणि दोन्ही मला आवडतात. एक म्हणजे द्राविडी भाषांत पू म्हणजे फूल, तर फूल वाहणं ती पूजा. दुसरा म्हणजे तमिळमधल्या पूसु ह्या शब्दावरनं, त्याचा अर्थ माखणं, लिंपणं, फासणं. दुसरा तर्क ऐकल्यावर माझ्या डोळ्यापुढं डायरेक्ट शिवंवरचा म्हसोबा आला, त्याला कुठलं आलंय आवाहन आणि अर्घ्य, शेंदूर फासला की झाली पूजा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असती, बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप-तेल चोळायचं, दुसऱ्या दिवशी त्याचीच पूजा. उरुसाच्या आधी दर्ग्यावर संदल निघतो, संदल म्हणजे चंदन, उगाळलेलं चंदन मिरवत नेऊन कबरीला लावतात, आता त्याला कुणी पूजा म्हणत नाही आणि म्हणूही नये, पण हात तेच करायलेत ना.

वेदाच्या काळात कामाचा शब्द यज्ञ होता, आग आणि आगीत टाकायची आहुती. पुढं फूल-पाणी-गंधवाली पूजा घरोघर पसरली. पूजेला समोर कायतरी लागतं, ही तिची खूण धरा. मूर्ती, पिंड, फोटो, दसऱ्याला माझं प्रिंटर, येळवशीला म्हणजे वेळा अमावस्येला रानात कडब्याच्या कोपीत मांडलेले पाच पांडव म्हणजे निस्ते पाच दगडच. लिंगायत घरात इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा होती, देऊळच लागत नाही, पण समोर लिंग आहेच. अर्चा हा पूजेचा जोडीदार, त्याचा धातू आणि ऋग्वेदातल्या ऋचेचा धातू एकच, म्हणजे त्यात स्तुतीचा वास जास्त. पण बोलण्यात अर्चा एकटी फिरत नाही, पूजेचं बोट धरूनच येती, म्हणून तिला इथंच सोडू.

आता उपासना. उप म्हणजे जवळ, आसन म्हणजे बसणं. जवळ बसणं. एवढंच! फूल नाही, पाणी नाही, घंटा नाही. उपास म्हणतो तो उपवास शब्दपण असाच, उप आणि वास, जवळ राहणं, न जेवणं हे त्यात मागून आलंय आणि साबुदाणा तर लईच मागून. उपासनेत समोर मूर्ती पाहिजेच असं नाही, ध्यान करणारा उपासना करतो, ओंकाराची उपासना होती, निराकाराची होती, मुंबईत १८६७ ला प्रार्थना समाज निघाला त्यांना मूर्ती नको होती पण उपासना हवी होती. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आपलं संविधान. शाळेत रोज म्हणत होतो ती उद्देशिका आठवा, विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य. तिथं पूजा शब्द नाही. का नाही? कारण पूजा लिहिलं असतं तर झेरॉक्सवाले चाचा तिथंपण म्हणले असते, आमच्यात नसती बाबा. उर्दू उद्देशिकेत त्याच जागी इबादत आहे. म्हणजे कायद्याच्या माणसाला जेव्हा सगळ्यांना मावंल असा शब्द पाहिजे होता तेव्हा त्यानं उपासनाच उचलला.

आराधना ह्याच्यात बसणं नाही, मनधरणी आहे. राध् धातूचा अर्थ राजी करणं, प्रसन्न करून घेणं. म्हणून आराधनेला टाईम लागतो, चिकाटी लागती, कायतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. आपल्याकडं हा शब्द पुस्तकातून नाही तर डायरेक्ट माणसांतून येतो, आराधी. गळ्यात कवड्याची माळ, हातात परडी, कपाळभर मळवट, मंगळवार-शुक्रवार जोगवा मागणाऱ्या बाया, रात्रभर देवीची गाणी. आमच्या गल्लीत नवरात्रात आराध्यांचा मेळा बसतो, मी एका वर्षी फ्लेक्सवर "आराधी मेळावा" लिहून दिलं तर त्यातली म्हातारी आली आणि म्हणली, "मेळावा पुढाऱ्याचा असतो लेकरा, आमचा मेळ असतो." फ्लेक्स माझ्या खर्चानं परत छापून दिला, काय करता.

आता माझा लाडका शब्द, भक्ती. आपल्याला वाटतं भक्ती म्हणजे प्रेम, श्रद्धा, डोळ्यात पाणी. ते आहेच, पण धातू आहे भज्, आणि त्याचा मूळ अर्थ वाटणं, वाटा देणं-घेणं, वाटेकरी होणं. भाग, विभाग, भागीदार, विभक्त, हे सगळे त्याच घरातले. रेशन कार्ड विभक्त करतो आपण, भाऊ विभक्त झाले म्हणतो, ते वि-भक्त आणि देवाचा भक्त एकाच धातूचे. आणि ऐका, संस्कृतात भक्त शब्दाचा एक अर्थ शिजवलेलं अन्न, वाढलेला वाटा, तो प्राकृतात झाला भत्त आणि मराठीत झाला भात. ताटातला भात आणि देवळातला भक्त चुलतभाऊ निघाले. मी हे दुकानात सांगितलं तर एकजण म्हणला म्हणूनच पंगत बसल्याशिवाय सप्ताह सुटत नाही. चेष्टेत बोलला पण लई लांब नव्हता. भक्तीत देवाकडं लांबून बघणं नाही, त्याच्यात आपला वाटा आहे आणि आपल्यात त्याचा, असा हिशोब आहे. गंगाखेडची जनाबाई दळायला बसली की विठ्ठल जात्याचा खुंटा धरायला येतो ही जी कथा आहे, तिथं देव पाहुणा नाही राहिला, कामातला भागीदार झाला. पाहुण्याला कुणी दळायला लावतं का?

ह्या भक्तीचे नऊ प्रकार भागवतात सांगितलेत, आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे रामदास, त्यांनी दासबोधाचा अख्खा चौथा दशक त्यावर खर्च केला. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. ह्यात गंमत बघा, आपण ज्याला पूजा म्हणतो ते अर्चन, आणि ते पाचव्या नंबरला आहे. म्हणजे पूजा हा भक्तीचा एक प्रकार झाला, भक्ती हा पूजेचा प्रकार नाही. लोक उलटं धरतात. नुसतं ऐकणं पहिल्या नंबरला आहे, म्हणजे कीर्तनात मागं भिंतीला टेकून बसलेला म्हातारापण भक्तीच करायलाय, डोळे मिटले असले तरी, घोरत नसला म्हणजे झालं.

सप्ताहाची पत्रिका मी इतक्या वेळा सेट केलीय की झोपेतपण करीन. पहाटे ४ ते ६ काकडा, मग ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री ९ ते ११ हरिकीर्तन, नंतर जागर, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. सात दिवस विणा खाली ठेवायचा नसतो, एकाच्या गळ्यातला दुसऱ्याच्या गळ्यात, त्याचा पहारा लावलेला असतो. आता ह्या अख्ख्या पत्रिकेत पूजा शब्द कुठं आहे? विणापूजन आणि ग्रंथपूजन, उद्घाटनाला, तेपण एका ओळीत. बाकी सगळं गळ्याचं आणि कानाचं काम आहे. भजन म्हणजे परत तोच भज्, सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेलं, एकानं सांगायचं बाकीच्यांनी उचलायचं. कीर्तन आणि कीर्ती एकाच धातूचे, म्हणजे गुण मोठ्यानं सांगणं, त्यात बोलणारा एक आणि ऐकणारे हजार. म्हणून भजनी मंडळ असतं पण कीर्तनी मंडळ नसतं. आणि पत्रिकेत महाराजांच्या नावापुढं "कीर्तन" एवढंच लिहून चालत नाही, "कीर्तन सेवा" लिहावं लागतं, मग बिदागी कितीपण असू द्या. आरती म्हणजे गाणं नाही बरं का, आरती म्हणजे ओवाळायचा दिवा, मूळ शब्द आरात्रिक, त्यात रात्र बसलीय, गाणं त्याला मागून चिकटलं.

ह्या शब्दांना बोलीत काय केलंय ते पण बघा. पोराची चांगली पूजा बांधली म्हणजे बदडला, बायकोनं आरती ओवाळली म्हणजे शिव्या घातल्या, ह्याचं कीर्तन सुरू झालं म्हणजे आता उठता येत नाही. उपासनेची मात्र अशी चेष्टा मी कधी ऐकली नाही, बहुतेक ती कुणाला दिसतच नाही म्हणून.

आता वाकण्याचे शब्द. नम् म्हणजे वाकणं, त्यातून नमन, नमस्कार, नम्र, प्रणाम. आणि तिकडून नमाज. हे ऐकून चाचा खुर्चीतून पुढं सरकले. नमाज हा शब्द अरबी नाही, फारसी आहे, अरबीत त्याला सलात म्हणतात. जुनी फारसी आणि संस्कृत ह्या बहिणी-बहिणी भाषा, त्यामुळं नमस् आणि नमाज सख्खे नातेवाईक आहेत, एकच वाकणं, दोन गावांत वाढलेलं. कपाळ जमिनीला टेकवलं की सजदा, जिथं सजदा करायचा ती मस्जिद, आपली मशीद. म्हणजे मशीद ह्या शब्दाचा अर्थच वाकायची जागा. महानुभाव पंथाचे लोक भेटले की दंडवत प्रणाम म्हणतात, दंड म्हणजे काठी, वत् म्हणजे सारखं, काठी पडावी तसं आडवं. नांदेडला हजूर साहिबला गेलं की मत्था टेकायचा. सगळीकडं कपाळ खालीच जायलंय.

वंदन पण ह्यातलंच, पण त्याला दोन कडा आहेत, एक नमस्काराची आणि एक स्तुतीची. त्यामुळं ते देवालाही चालतं, आईबापालाही आणि महापुरुषालाही. निझामाच्या राज्यात १९३८ ला वंदे मातरम म्हणल्याबद्दल औरंगाबाद आणि हैदराबादची पोरं कॉलेजातून बाहेर काढली गेली, एका "वंदे"पायी शिक्षण गेलं. तो नमस्कार आहे का पूजा, हा वाद अजून मिटला नाही, कारण शब्दातच दोन्ही आहेत. विहारात तर वंदनाच पाहिजे. मी नवीन असताना बुद्धपौर्णिमेच्या पत्रिकेवर "सामूहिक प्रार्थना" टाकलं होतं, तर विहारातले एक सर आले, शांतपणे म्हणले, प्रार्थना म्हणजे मागणं, आम्ही बुद्धाकडं काय मागत नाही, त्यांच्या गुणांना वंदन करतो आणि शील स्वतः पाळायचं असतं. वंदनेत फुलं वाहतात आणि पालीत पूजा हा शब्दही येतो, पण हे फूल जसं सुकंल तसा हा देहपण जाणार, ह्याची आठवण म्हणून. फूल तेच, चित्र वेगळं. आणि चौदा एप्रिलच्या बॅनरवर विनम्र अभिवादन लिहायचं, तिथं चुकून भावपूर्ण श्रद्धांजली गेलं तर दुकान बंद करून घरी बसावं लागंल.

सर बोलले ते बरोबर होतं. प्रार्थना म्हणजे प्र आणि अर्थ, मागणं. शिखांची अरदास ही फारसी अर्जदाश्त शब्दातून आली, म्हणजे आपण तहसीलला देतो तोच अर्ज, दरबार तेवढा वेगळा. दुआ म्हणजे हाक मारणं, बोलावणं. नवस तर उघड व्यवहार आहे, आधी बोलायचा, मग फेडायचा, आणि फेडला नाही तर काय होतं ह्याच्या कथा प्रत्येक घरात असतात. मला नवस प्रामाणिक वाटतो, निदान काय पाहिजे ते तोंडानं सांगतो माणूस.

आणि इबादत? तिच्या मुळाशी अब्द, म्हणजे दास. अब्दुल्ला म्हणजे अल्लाचा दास. फारसीतला बंदापण दासच, त्याची ती बंदगी. रामदास, अब्दुल्ला, दोन नावं एकाच अर्थाची, आणि नऊ भक्तीतली सातवी दास्य, तीच ही. म्हणून इबादत फक्त अल्लाची होती, दुसऱ्या कुणाची होऊ शकत नाही, मालक एकच असतो. खुलदाबादला दर्ग्यावर लोक जातात ती इबादत नाही, जियारत आहे, जियारत म्हणजे भेट, भेटीला जाणं. आणि उरूस म्हणजे लग्न! संत ज्या दिवशी गेला तो दिवस त्याचं देवाशी मीलन झाल्याचा म्हणून लग्नाचा. दर्ग्यावरच्या माणसाला पूजा करतो म्हणलं की त्याला राग का येतो ते आता कळलं असंल, तो भेटायला आलाय.

तर पाटलांचा फ्लेक्स. प्रार्थनास्थळ हा शब्द पेपरवाले वापरतात, लॉकडाऊनमध्ये तर रोजच वाचला, पण तिथं विहारवाल्या सरांची अडचण. मी म्हणलो उपासनास्थळ लिहा, संविधानात आहे, धर्मस्थळांच्या १९९१ च्या कायद्याच्या नावातपण तोच शब्द आहे, कुणाचंच काय म्हणणं येणार नाही. पाटील म्हणले, "उपासना? गावात वाचतील उपासाचं काहीतरी, भगर वाटायलेत म्हणून बाया येतील." चाचा म्हणले, "येऊ द्या की, बैठकीला कोणीच येत नाही तसं."

शेवटी पाटलांनी माझ्या हातातला माऊस बाजूला सारला आणि सांगितलं, लिही, मारुतीचं देऊळ, महादेवाचं देऊळ, मशीद, दर्गा, बुद्धविहार आणि मठ, यांच्या पंचांनी हजर रहावे. चार बाय तीनचा फ्लेक्स सहा बाय तीन झाला. वरच्या दोन फुटाचे पैसे अजून यायचेत.